उत्तरेकडची भिंत

“म्हणजे दरवर्षी नव्याने लिंपायची?” इनासने विचारलं.

फादर बस्त्याव यांनी मान हलवली.

दोघेही वसईचे. फादर तरुणपणीच या परदेशी वाळवंटात आले आणि इथल्या जुन्या मिशन चर्चचे होऊन गेले. इनास कालच आला होता. लवकरच त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळायची होती. ती घ्यावी की घरी परतावं, हे ठरवायला त्याने एवढी लांबची वाट धरली होती. सेमिनरीत त्याच्या हुशारीचा बोलबाला होता, आणि ते त्याच्याही कानावर होतं.

चर्च कच्च्या विटांचं. इथे पाऊस क्वचितच येतो, पण आला की भिंती झोडपून काढतो. म्हणून ईस्टरच्या आधी सारं गाव माती आणि वाळलं गवत तुडवून भिंती लिंपतं. आज तेच चाललं होतं. फादर माती तुडवायच्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत चिखलात होते. इनास आपले पॉलिश केलेले बूट सांभाळत खड्ड्याच्या काठावर उभा होता.

तिथूनच त्याने मनातलं सांगून टाकलं. पूर्वी प्रार्थनेला बसलं की डोळे भरून यायचे. आता सकाळी कसंबसं मन गोळा करावं, तर संध्याकाळी पुन्हा कोरडं. असल्या श्रद्धेवर जन्मभराचा शब्द कसा द्यायचा? त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही.

“मला एकदाच काय ती पक्की श्रद्धा हवी, फादर. पुन्हा पुन्हा डागडुजी लागणार नाही अशी.”

फादर माती तुडवत राहिले...

इनासची नजर उत्तरेकडच्या भिंतीवर गेली. पांढरी, गुळगुळीत, कुठे तडा नाही.

“ही बघा. हिला तर कोणी हातही लावत नाही.”

फादर म्हणाले, “माझ्या आधीच्या फादरांनी तिला सिमेंटचा गिलावा करून घेतला. दरवर्षीच्या कटकटीला कंटाळले होते.”

“शहाणा माणूस.”

फादर खड्ड्यातून वर आले. भिंतीवर मूठ आपटली. आवाज पोकळ आला. मग त्यांनी थापीने तळाचा कोपरा उचकटला. सिमेंटचा पापुद्रा सुटला आणि आतून ओली, कुजकी माती भसाभस खाली आली. विटेचा आकारसुद्धा उरला नव्हता. आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच मिळाली नव्हती.

इनास त्या ढिगाकडे बघत राहिला.

“आणि बाकीच्या भिंती?”

“त्यांना तडे जातात. दिसतात.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी.”

पलीकडे गावातल्या बायका ओल्या भिंतीवर हात फिरवत होत्या, तेवढाच काय तो आवाज.

“मग मी काय ठरवू, फादर?” इनासचा स्वर खाली आला होता.

फादर पुन्हा चिखलात उतरले. जरा बाजूला सरकून त्यांनी जागा केली.

“आधी बूट काढ.”