कुळथाचे पांघरूण

भाविकहो, केवळनाथ महाराज माळखेडीच्या टेकाडावर महादेवाच्या ओसाड देवळात राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. टेकाडाखाली यमाजी पाटलांचे मोठे रान होते. त्याला लागून असलेला त्यांचाच दोन बिघ्यांचा तुकडा ठकूबाई नावाची एकटी बाई निम्म्या वाट्याने, बटाईने कसत असे. तिच्या पोटाला तेवढाच आधार होता.

बाजरी निघाली की पाटील रान नांगरून, धसकटे वेचून असे लख्ख करीत की काडी दिसायची नाही. गावाला त्याचे भारी कौतुक! महाराजांनी मात्र कार्तिकात ठकूबाईच्या हाती कुळथाचे गाठोडे ठेवले. म्हणाले, "थंडीवाऱ्यात काळी माय उघडी ठेवू नये गं. ओल आहे तोवर पेर. शेंगा धरायच्या आत काप आणि जागेवरच अंथर."

ठकूबाईने पेरले. हिरवे वेल जमिनीला बिलगले. पाटील बांधावर उभे राहून हसले.

"ठके, खायचा कुळीथ मातीला घालतीस? गोसाव्याच्या नादानं माझ्या रानात तण माजवशील. गुढीपाडव्याला इथं हरळीची एक काडी दिसली, तर तुकडा काढून घेईन."

"व्हय जी," ती म्हणाली. "पर म्हाराज म्हनले, माय उघडी ठिवू नये."

सोबतचे चारचौघे खो खो हसले. पाटलांच्या डोक्याला मुंडासे होते, मग माय उघडी पडली तर त्यांचे काय जाते!

माघात वारा सुटला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी धुळीने सूर्य तांबडा झाला आणि एकाएकी सारे थांबले. पाखरू बोलेना. दावणीचे बैल थरथरू लागले. पाटील रानात गेले, तर कोणी बाई हुंदके देत होती. दिसत मात्र कोणीच नव्हते. तेवढ्यात त्यांच्या समोरच्या धुळीत एक अनवाणी पाऊल उमटले. मग दुसरे.

"कोन हाय?" पाटील ओरडले.

पावले थांबली नाहीत. ती चालत गेली तसतशी मागची माती नाहीशी होऊन खालचा पांढरा मुरूम उघडा पडत गेला. पावले ठकूबाईच्या बांधावर चढली. पांघरूण वर करून कोणी आत शिरावे, तसे वेल आपोआप उचलले गेले आणि पुन्हा खाली बसले. हुंदके थांबले.

पाटील धापा टाकीत महादेवात आले. "म्हाराज, माझ्या रानातनं कोन गेलं?"

"तुझी मायच की रे," महाराज म्हणाले. "किती वर्षं उघडी निजवलीस! पांघरूण दिसलं, तिकडं गेली."

"परत यील का?"

महाराज पिंडीवर पाणी घालायला आत वळले. पुढच्या आठवड्यात ते गाव सोडून गेले.

फाल्गुनात अवकाळी सर पडली आणि पाटलांच्या मुरमावर हरळी पसरली. पाडव्याला ते ठकूबाईच्या रानात आले. कापून अंथरलेले वाळके वेल त्यांनी हाताने बाजूला केले. खाली काळीभोर, ओलसर माती होती. तणाचे नाव नव्हते.

"ठकूबाई, हे रान तूच कर," पाटील खालमानेने म्हणाले. "मला थोडं कुळथाचं बियानं मिळंल का? पर तू तर शेंगा धरूच दिल्या न्हाईत."

"एक वाफा राखलाय जी," ती म्हणाली. "जाताना म्हाराज सांगून गेले, पाटील मागाया येतील."

पाटलांच्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्या कार्तिकात त्यांनी स्वतःच्या हाताने कुळीथ पेरला. वेलांनी रान झाकले, त्या सकाळी बांधावरच्या दवात अनवाणी पावले उमटलेली होती, त्यांच्या रानाकडे वळलेली! पाटलांनी मुंडासे उतरवले आणि ठकूबाईच्या बांधावर कपाळ टेकले. कपाळाला लागलेली माती त्यांनी दिवसभर पुसली नाही.