ठकूचा फेरा

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. तेव्हा मोजणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांना मोजता येत होतं ते आपली गुरं मोजत बसायचे. कवठमाळ नावाचं गाव होतं. गावाच्या डोक्यावर माळजाईचं देऊळ, देवळापुढं फुलांची बाग, आणि बागेच्या मधोमध घडीव दगडाचं तळं. तळ्यात कमळं, काठाला मोगरा. आणि ते तळं गळत होतं.

गळत होतं, पण तसं म्हणायची सोय नव्हती. आपल्यात बांगडी फुटत नाही, वाढते. मडक्यातलं मीठ संपत नाही, वाढतं. ठीक आहे, रीत आहे, असू दे. पण कवठमाळच्या शहाण्यांनी ती रीत तळ्यालाही लावली. पाणी खाली गेलं की शिदू गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहून ओरडायचा, "तळं वाढलं हो! घागरी घ्या!" की निघाल्या बाया ओढ्यावर. ओढ्यापासून तळ्यापर्यंत चढण अशी, की शेळीनंही थांबून दम खावा.

आणि पाणी ओतायचं एकाच जागी. काठावर देवीची पावलं कोरलेला दगड होता. त्या पावलांवर घागर रिती करायची, तिथून पाणी तळ्यात. दुसरीकडं ओतलं तर देवीला पोचत नाही म्हणे. आजीनं तिथंच ओतलं, पणजीनं तिथंच ओतलं. डोकं कुणी चालवलं नाही, माना मात्र सगळ्यांच्या झिजल्या.

अशा गावात ठकू नांदायला आली, गोंदा कुंभाराची बायको म्हणून. तिच्या पायाला भिंगरी होती. बसून जेवणं तिला ठाऊक नव्हतं. भाकरी हातात घेऊन अंगणात फेऱ्या घालायची.

सासू म्हणायची, "अगं टेक की घटकाभर! खाली काय निखारं हायत?"

"बसलं की काहीतरी राहून गेल्यागत होतं, आत्याबाई."

माती तुडवायला मात्र तिच्यासारखी दुसरी नव्हती. ती चिखलात उतरली की माती लोण्यासारखी व्हायची आणि तिच्या हातचं मडकं चिरायचं नाही, असं म्हणतात.

अंगाची हळद उतरायच्या आत बायांनी तिच्या डोक्यावर घागर दिली आणि तळ्यावर नेलं. ठकूनं पाणी ओतलं, तळ्याकडं नीट बघितलं आणि भर बायकांत म्हणाली, "हे तर गळतंय."

बागेतले कावळे ओरडायचे थांबले, असं म्हणतात. कावळ्यांचं काही सांगता येत नाही, पण बायांची तोंडं तरी बंद पडली, आणि ते नवलच.

उन्हाळ्याचे दिवस. त्या दिवसापासून पाणी आणखी झपाट्यानं उतरायला लागलं. मग काय, दोष द्यायला जागा मिळाली. शिदू गुरव चावडीवर म्हणाला, "ह्या पोरीच्या तोंडानं तळं फुटलं." पंचांनी माना हलवल्या. तळ्याचा तळ दिसला की कुंभाराचं घर वेशीबाहेर, असं ठरलं. चाक, मडकी भाजायचा आवा, गाढवं, म्हातारी सासू, सगळं.

गोंदा साधा माणूस. घरी येऊन हात जोडायला लागला. "पंचांना सांग की, चुकून बोलले म्हणून."

"चुकून न्हाई बोलले."

"अगं, मग चुकून म्हण की चुकून बोलले!"

ठकू भाकरी टाकून बाहेर पडली. अनवाणी तळ्याभोवती फिरायला लागली. एक फेरा, दुसरा फेरा, ऊन वाढलं तरी फेरा. बाहेरून काठ सगळीकडं कोरडा. पाणी बाजूनं फुटत नव्हतं, खाली कुठंतरी जात होतं. पण कुठं, ते दिसेना. कारण एका घागरीमागं दुसरी घागर, पाणी म्हणून कधी शांत होऊच दिलं नव्हतं कुणी. तिच्या जिवाची तगमग व्हायला लागली. तळाचा गाळ एका कोपऱ्यात डोकं वर काढत होता, आणि घरी सासू मडकी गवतात बांधून ठेवायला लागली होती, निघायच्या तयारीनं.

ठकूनं बायांना विनवलं, "एक सकाळ घागर आणू नका. एवढं ऐका."

"देवीला तहानेली ठेवतीस व्हय गं?"

मग तिनं काय करावं? सरळ जाऊन पावलांच्या दगडावर बसली. जिला जेवतानाही बसवत नव्हतं ती मांडी ठोकून बसली, तळ्याकडं तोंड करून. आता ओता कुठं ओतता ते!

पुढं आली आवडाबाई पाटलीण. केस पिकलेले, घागर अजून सरळ. "ऊठ."

"न्हाई उठत, काकी."

"ऊठ म्हणते! ओतीन हां डोक्यावर."

"ओता."

आणि आवडाबाईनं खरंच ओतली. बाया खदाखदा हसल्या. ठकूच्या कपाळाला देवीचा भंडारा होता, मूठभर फासलेला. तो धुऊन निघाला आणि पिवळा ओघळ तिच्या मांडीवरून दगडावर उतरला. तळ्यात पडायला हवा होता. पडला नाही. मागं वळला, दगडाच्या मागच्या फटीत शिरला, आणि आतून आवाज आला: गुटुक.

ठकूनं दगडाला कान लावला. "काकी, अजून एक ओता."

"डोस्कं फिरलं गं हिचं."

"ओता म्हणते ना!"

ओतली. गुटुक, गुटुक, गुटुक.

"ही देवी पीत न्हाई," ठकू म्हणाली, "हे भोक पितंय."

मग आवडाबाई गुडघ्यावर बसली. तिनंही कान लावला, दुसऱ्या बाईला खूण करून पाणी ओतायला लावलं आणि ऐकलं. नवरी होऊन आली तेव्हापासून तिनं वाहिलेलं पाणी कुठं गेलं, ते तिला त्या दिवशी कळलं. बराच वेळ तिनं दगडावरचा कान काढला नाही.

शिदू गुरव धावत आला. "दगडाला हात लावाल तर बघा! देवीची पावलं हायत ती!"

आवडाबाई उठली. "शिदू, तू कधी घागर उचललीस?"

बायांनी हात लावले. दगड हलला.

खाली काय होतं? पोकळी होती, बैलजोडी उभी राहील एवढी, असं म्हणतात. ओतलेलं पाणी तर तिथून जातच होतं, पण जाता जाता काठाची माती खाऊन तळ्याचंही पाणी सोबत नेत होतं. जेवढं ओतलं तेवढं भोक मोठं. गावानं घागरीनं तळं भरलं नव्हतं, घागरीनं फोडलं होतं.

ठकूनं पदर खोचला. गाढवांवरून चिकणमाती आली, राख आली, घोड्याची लीद आली. ती पोकळीत उतरली आणि तुडवायला लागली. टोपलीमागून टोपली पडायची आणि भोक गिळून टाकायचं. असं म्हणतात की खालचं पाणी तिच्या घोट्याला धरून ओढायचं आणि म्हणायचं, "चल माझ्यासंगं, तुलाबी कुठं बसवतंय!" ती म्हणायची, "मला हिंडायचंय, पण माझं घर हितं राहू दे." आणि आणखी जोरात पाय आपटायची. कुंभाराची माती संपली. मग लोकांनी आपल्या पडवीच्या भिंती पाडून माती आणली. आवडाबाई पाटलिणीनं लुगड्याचा काचा मारला आणि पिकल्या केसांनिशी चिखलात उडी घेतली. तिच्यामागं सगळ्या बाया. असं म्हणतात की सूर्य त्या दिवशी देवळाच्या कळसावर अडकून राहिला. बायांचं तुडवून होईपर्यंत बुडालाच नाही.

आणि मग तळं चढायला लागलं. एक घागर न ओतता. तळाशी झरा होताच की, जुना, पिढ्यान्‌पिढ्या चालू. त्याचं पाणी टिकू दिलं तर ना!

ठकूच्या सासूनं गवतातली मडकी परत फळीवर मांडली. पंच आपल्या बायकांसकट घरी आले, पाटावर बसवून ओटी भरू म्हणाले. ठकू म्हणाली, "उभ्यानंच भरा. तळ्यावर जायचंय." त्यानंतर ती जन्मभर रोज तळ्याभोवती अनवाणी फिरली, तळपायानं ओल चाचपत. म्हातारपणी एका संध्याकाळी फेऱ्याला गेली ती दिसली नाही. ओली पावलं तेवढी काठाकाठानं गेलेली होती, आणि ती कुठं थांबलेली नव्हती, असं म्हणतात.

कवठमाळात आजही दिवेलागणीला ठकूचा फेरा असतो. रोज एका घराची पाळी. पायताण काढायचं, काठाची ओल चाचपत तळ्याभोवती चालायचं आणि पायरीवरून ओरडायचं, "कोरडं हाय!" ती हाक ऐकल्याशिवाय गावात कुणी घास तोंडात घालत नाही. पोटात कावळे ओरडू देत.

गेल्या साली तेल्यांच्या नव्या सुनेची पाळी होती. ती घाबऱ्या घाबऱ्या ओरडली, "ओलं हाय!" सगळं गाव वाढलेल्या ताटावरून उठलं. टोपल्या, फावडी, लंगडी म्हातारी माणसंसुद्धा. जाऊन बघतात तर ओढ्यात डुंबून आलेल्या म्हशीनं काठावर अंग झाडलेलं. तिकडं आमट्या थंड झाल्या, भाकऱ्या वातड झाल्या. पोर रडायच्या बेताला आली.

सासू तिला म्हणाली, "बरं केलंस बाई, सांगितलंस." आणि आणलेली माती परत कशाला न्यायची, म्हणून सगळ्यांनी तिथंच तुडवली.