सगुण तांडेलाचं गलबत

घाबरू नका, इंजिन बिघडलेलं नाही. मीच बंद केलंय. कातळबावची कुठलीही होडी इथवर आली की शेवटचे चार हात वल्ह्यानंच येते. समोर ती तांबडी बोया तरंगते आहे ना, तिच्या बरोबर खाली पाच वाव पाण्यात, म्हणजे तुमच्या हिशेबानं तीस फुटांवर, सगुण तांडेलाचं गलबत आहे. म्हणून इथे आम्ही नांगरही टाकत नाही, बोयालाच होडी बांधतो.

भरती अजून पुरती भरलेली नाही. पाणी थांबलं की तळ स्वच्छ दिसेल, मग माझा पुतण्या नितेश तुम्हाला दोघादोघांना खाली नेईल. अर्धा तास आहे. तोवर ते रबराचे कपडे नीट चढवून घ्या. कऱ्हाडचे असा की काणकोणचे, एकदा गळ्यापर्यंत रबरात शिरलं की सगळे सारखेच दिसतात. आणि एक लक्षात ठेवा. दुसरीकडचे डायव्हर एकमेकांना बोलवायला पाठीवरच्या टाकीवर लोखंड आपटतात. इथे ते चालत नाही. काही सांगायचं तर खांद्याला हात लावायचा. का, ते सांगतो.

खाली गेल्यावर तुम्हाला लाकडाची फळी दिसणार नाही. लाकूड कधीच किड्यांनी फस्त केलं. दिसतील ते चिरे, आपले घरबांधणीचे जांभे दगड. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, निमुळते, मध्ये रुंद, असे अजून गलबताच्या आकारात बसलेत. त्यांच्यावर पोवळं चढलंय, कालवं चिकटलीत, आणि मासे तर विचारूच नका. शहरातून साहेब लोक येतात आणि म्हणतात, समुद्रात मुद्दाम जुनी जहाजं बुडवून माशांना घर करून द्यायचं हे नवं शास्त्र आहे. असेल. आमच्याकडे ते आमच्या ग्रामदेवीनं, पावणाईनं सांगितलं, असं म्हणतात.

माझ्या पणजोबाच्या वेळची गोष्ट आहे. तेव्हा इथे वाळूत एक मोठा खडप होता, पाण्याखालचा खडक. मासे त्याच्याच आसऱ्यानं राहायचे आणि कातळबाव त्या माशांवर जगायचं. घरात भाताला आमटी नसली तरी चालेल, पण तांबोशीचं कालवण नाही असा दिवस जात नसे. अशा भरल्या पोटी माणसाला देव आठवतो. गावानं ठरवलं, पावणाईचं गवती छप्पर काढू आणि पक्कं देऊळ बांधू, पुढे ऐसपैस सभामंडप करू. चिरे डोंगरातून आले. पण चुना कुठून आणायचा? कुणीतरी म्हणालं, लांब कशाला जाता, खडपावर शिंपले आणि पोवळं पुरुषभर चढलंय, ते काढून भट्टीत भाजलं की पांढराशुभ्र चुना. देवीच्या कामाला पापपुण्य कसलं! दोन उन्हाळे सगळं गाव बुड्या मारून खडप तासत होतं. पहारींचा आवाज किनाऱ्यापर्यंत ऐकू यायचा म्हणे. देऊळ उभं राहिलं, मंडपाचे चिरे रचून तयार झाले, आणि खडप नागडा झाला.

पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर होड्या गेल्या त्या रिकाम्या परत आल्या. पाठोपाठ दुसरं वर्षही तसंच गेलं. खडपाचे उरलेसुरले तुकडे पावसाळी लाटांनी वाळूखाली गाडले. माणसं पेज पिऊन दिवस काढू लागली. सात घरं बिऱ्हाड उचलून कारवारकडे निघून गेली आणि बाकीची जायच्या वाटेवर होती.

तेव्हा गावानं देवीला कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवानं हात जोडले. "बाय माझे पावणाये, लेकरांची काय चूक झाली असात तर सांग गो!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" पाकळी उजवी पडली. चूक होती. मग विचारलं, तुझा मंडप लवकर पुरा करू का? डावी पडली. तुला बकरा देऊ का? डावी. शेवटी एक म्हातारी मागून ओरडली, "अरे, तिचा घर बांधलात आणि माशांचा मोडलात. ता परत बांधूक व्हया काय, ता इचारा!" तसं विचारलं, तर उजवी पाकळी पडली.

आता पाण्याखाली घर बांधायचं कसं? सुटे चिरे टाकले तर ते वाळूत रुतून जातील. एवढं ओझं एका जागी धरून ठेवील असं एकच भांडं गावात होतं, सगुण तांडेलाचं गलबत. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. सगुण त्या वेळी चाळिशीचा. हे गलबत त्याच्या बापानं उंडीच्या लाकडातून तीन वर्षं खपून बांधलं होतं. त्यातून सगुण मीठ आणि कौलं घेऊन मुंबईपर्यंत जायचा. गाव उपाशी होतं तेव्हाही त्याच्या घरी चूल पेटत होती ती त्या गलबतावर. सगळ्यांच्या मनात तेच होतं, पण सगुणाकडे बघायची कुणाची छाती नव्हती. त्याचं त्यानंच पुढे होऊन विचारलं, "माझा गलबत तुका व्हया काय?"

डावी पडावी म्हणूनच त्यानं विचारलं होतं, असं सांगतात. एकदा देवीनं नको म्हटलं की मोकळ्या मनानं शीड वर करून निघून जायचं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी पडली.

तो घरी आला तेव्हा त्याच्या बायकोनं, भामीनं, सगळं ऐकलेलं होतं. भामी म्हणजे बोलघेवडी बाई. चुलीशी बोलायची, मांजराशी बोलायची, आणि सगुण समुद्रावरून आला की महिन्याभराचं साठलेलं एका बैठकीत रितं करायची. तो म्हणायचा, "गप रव गो, कान किटले माझे!" त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाली, "देवीन मागला, तर देऊक व्हया."

मंडपासाठी रचलेले सगळे चिरे गलबतात भरले. म्हणून पावणाईच्या देवळापुढे मंडप नाही, परवा तुम्हीच विचारत होतात. भरतीला गलबत इथे आणलं आणि सगुणानं स्वतःच्या हातानं तळाला भोकं पाडली. बापानं बांधलेलं लाकूड लवकर फुटेना. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तरी तो बाहेर पडत नव्हता, शेवटी चौघांनी ओढून होडीत घेतला. गलबत सरळ खाली बसलं. डोलकाठी तेवढी ठेवली होती, ती ओहोटीला हातभर पाण्याबाहेर डोकावायची. किनाऱ्यावर कुठेही उभं राहा, ती दिसायचीच.

सगळ्यांना वाटलं, आता मासे येणार. एक वर्ष झालं, काही आलं नाही. माणसाच्या घराला भिंती झाल्या की माणूस राहायला जातो, माशांचं तसं नसतं. दगडाला आधी शेवाळ धरावं लागतं, मग शिंपले, मग पोवळं. हे आता मी तुम्हाला शहाणपणानं सांगतोय, तेव्हा कुणाला ठाऊक होतं? लोक कुजबुजायला लागले, मग तोंडावर बोलायला लागले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. तांडेलाला कौल कळला नाही. शहाणा असता तर गलबत विकून गावाला चार महिने तांदूळ घातला असता.

सगुण मात्र पाणी थांबलं की रोज इथे यायचा. भामी होडी धरून बसायची आणि तो बुडी मारून तळापर्यंत जायचा. दगडावरून हात फिरवायचा, काही चिकटलंय का बघायचा, वर यायचा. दिवसातून दहा-दहा बुड्या. तुम्हाला नितेश नाक दाबून कान मोकळे करायला शिकवतो, त्याला कोण शिकवणार? कानांतून रक्त यायचं. भामी रात्री लसणीचं तेल घालायची. तिसऱ्या वर्षी त्याचे दोन्ही कान गेले. भांडं पडलं तरी मान वळायची नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले म्हणतात. गावाचे टोमणे त्याला ऐकूच येत नव्हते, तेव्हा दोघांच्या वाटचे ती एकटी ऐकायची. आणि ती बोलघेवडी बाई घरात मुकी झाली. हातानं खुणा करायची, जेवायला चला, पाऊस आला, एवढंच. खुणेनं जेवायला बोलावता येतं हो, पण शेजारणीची म्हैस कशी सुटली आणि कुणाच्या परसात शिरली हे कसं सांगणार? एकदा तो तिच्या पुढ्यात बसला आणि म्हणाला, "बोल गो कायतरी. माका आयकाक येणा नाय, तरी बोल." ती बोलत राहिली, तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग दोघंही रडली. गलबत गेलं त्या दिवशीसुद्धा ती दोघं रडली नव्हती.

चौथ्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास, पाणी असंच स्वच्छ होतं. सगुणानं बुडी मारली आणि लगेच वर आला. होडीची कड धरून ओरडायला लागला, "वाजता गो! खाली वाजता!"

 ठार बहिरा माणूस म्हणतोय ऐकू येतंय. कान गेले, आता डोकंही गेलं असं भामीला वाटलं. तो पुन्हा बुडाला, पुन्हा वर आला. "लाह्ये फुटतत तसा वाजता!" आणि परत खाली गेला.

तिनं कासोटा घट्ट खोवला. चाळिशीला टेकलेली बाई, खाडीत कालवं काढत वाढलेली, पण लग्नानंतर कधी बुडी मारली नव्हती. डोलकाठीला धरून ती हाताहातानं खाली उतरली. आणि तिलाही ऐकू आलं. चहूकडून तडतड, तडतड, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. ते कोळंबीच्या जातीचे बारीक जीव असतात, नांगी मिटली की आवाज होतो. आता तुम्ही उतरलात की तुम्हालाही येईल. नागड्या खडकावर तो येत नाही, वस्ती झालेल्या खडकावरच येतो. तिला खारट पाण्यात धूसर दिसलं, डोलकाठीभोवती तांबड्या तांबोशी फिरत होत्या आणि खाली दगडांत पोत्याएवढा गोबरा मासा बसला होता. सगुण हातभर खाली, तिच्याकडे पाठ करून, काठीला कान लावून होता.

त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. बावीस वर्षांच्या संसारात भामीनं ते घेतलं नव्हतं. "अवो" म्हणायचं, नाहीतर बांगड्या वाजवायच्या. पण त्या क्षणी तिला काय झालं कोण जाणे. ते आनंदानं झालं असेल, किंवा पाण्यात कोण ऐकतंय असंही वाटलं असेल. छातीत होता नव्हता तेवढा सगळा दम लावून तिनं हाक मारली, "सगुणा!"

सगुण वळला.

डॉक्टर सांगतात, कानाचा पडदा गेला तरी पाण्यात आवाज हाडांतून आत जातो. आम्ही त्याला पावणाईचा प्रसाद म्हणतो. दोघं वर आली. सगुणानं होडीची कड धरली. म्हणाला, "तू माका हाक मारलंस." मग म्हणाला, "नावान मारलंस!" भामीनं ओला पदर तोंडावर घेतला आणि होडीत तशीच बसून राहिली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मासे आले, गेलेल्या सात घरांतली चार परत आली, टोमणे मारणारे नारळ घेऊन सगुणाच्या दारात उभे राहिले. या गलबतावर जाळं आणि नांगर टाकायचा नाही, आवाज करायचा नाही, असं गावानं देवीसमोर ठरवलं. पण सगुण आणि भामीला त्या सगळ्याचं फारसं काही नव्हतं म्हणे. समुद्र शांत असला की दोघं होडी घेऊन इथे यायची. वर ती बोलली तर त्याला ऐकू येत नसे, म्हणून ती खाली जाऊन सांगायची. एका दमात मावेल तेवढंच. अर्धी गोष्ट एका बुडीत, उरलेली दुसऱ्या बुडीत. शेजारणीची म्हैससुद्धा तिनं तिथेच सांगितली असणार. जवळून जाणाऱ्या होड्यांना नुसते बुडबुडे दिसायचे, आणि मग दोन पिकलेली डोकी हसत वर यायची. अशी चौदा वर्षं गेली. सगुण गेला त्याच्या तेराव्यानंतर भामी इथे आली, एकटीच उतरली, आणि वर येऊन होडी वल्हवत घरी गेली. ती खाली काय म्हणाली ते सांगायला नको.

तेव्हापासून ही रीत पडली. आजही इथे उतरणारा प्रत्येक जण त्या चिऱ्यांवर हात ठेवतो आणि एक नाव घेतो. वर जे घेता येत नाही ते, किंवा घेतलं तर ऐकायला आता कुणी नाही ते. तोंडात नळी असते, शब्द काही नीट उमटत नाही, पण तुमचं तुम्हाला ऐकू येतं. कुणाचं नाव घ्यायचं ते तुम्ही ठरवा. परवा मिरजेचे एक निवृत्त मास्तर उतरले होते, वीस मिनिटांची हवा असताना पाच मिनिटांत वर आले आणि डोळे पुसत बसले. म्हणाले, मास्कमध्ये पाणी गेलं. आम्ही म्हटलं, हो मास्तर, या मास्कांत जातं पाणी, आणि चहाचा थर्मास त्यांच्याकडे सरकवला.

चला, पाणी थांबलं. पहिले दोघं कोण येताय?