पुण्याखाली दबलेला धवल

पूर्वी प्रतिष्ठान नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या कुळात जन्मला. वडिलांच्या मागे तोच बैलांचे मोठे तांडे घेऊन देशावरून कोकणातल्या बंदरांकडे जाऊ लागला. जाताना कापूस आणि धान्य न्यावे, येताना मीठ आणि नारळ आणावेत, असा त्याचा व्यापार होता. वाटेत सह्य पर्वतातला एक अवघड घाट लागे. घाटमाथ्यावर लहानसे गाव होते, एक धर्मशाळा होती, आणि धर्मशाळेच्या अंगणात धवल नावाचा कुत्रा होता.

धवल धनगरी कुत्र्यांच्या जातीचा, पांढरा, वासराएवढा मोठा. दाट धुक्यात एखादा तांडा घाट चढू लागला की तो कड्याच्या टोकाशी जाऊन भुंकत राही, आणि त्या आवाजाच्या रोखाने माणसे वाट धरीत. असे पुष्कळ तांडे सुखरूप वर आले. मग कोणी तरी कृतज्ञतेने त्याला तूपगुळाचा गोळा घातला. पुढच्या तांड्याने दोन घातले. हळूहळू असा समज झाला की धवल हा घाटदेवाचा कुत्रा आहे आणि त्याला गोळा घातल्याशिवाय पुढे जाणाऱ्याचे भले होत नाही. धर्मशाळेचा व्यवस्थापक पुसणक याने हा समज कधी खोडून काढला नाही. धवलामुळे धर्मशाळेचे नाव झाले होते, आणि नावाबरोबर पुसणकाचाही मान वाढला होता.

काही वर्षे बोधिसत्त्वाचा व्यापार दुसऱ्या वाटेने चालला. तो पुन्हा या घाटात आला तेव्हा पावसाळा तोंडावर होता. तांडा वर पोचला आणि मागोमाग पावसाने जोर धरला. पुढच्या वाटेवरच्या नदीला पूर आला. आता पाऊस सरेपर्यंत येथेच राहणे भाग होते.

अंगणात एका मांडवाखाली गादीवर धवल पडलेला त्याला दिसला. पोट दोन्ही बाजूंनी पसरले होते. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. कोपरांना जखमा झाल्या होत्या, कारण तो एकाच अंगावर पडून असे. जागच्या जागी होणारी घाण लपावी म्हणून भोवती फुले पसरली होती. पुसणकाने हात जोडून सांगितले की धवल आता उठत नाही, तो समाधीत आहे.

इतक्यात मागे राहिलेले बैल घाट चढून आले. त्यांच्या घंटा ऐकताच धवलाचे कान उभे राहिले. त्याने पुढचे पाय रोवले, अंग उचलले, आणि तो धाडकन खाली कोसळला. पुन्हा उचलले, पुन्हा कोसळला. मग हनुवटी जमिनीवर टेकून तो कड्याच्या दिशेने नुसता बघत राहिला. भोवतालची माणसे भाविकपणे हसली.

बोधिसत्त्व सहसा रागावत नसे. त्या क्षणी मात्र त्याचे कान तापले. तो पुसणकाला म्हणाला, "याला समाधी म्हणता? हा मरतोय. आणि तुम्ही सगळे मिळून त्याला हात जोडून मारताय."

पुसणकाने शांतपणे उत्तर दिले की लोकांच्या श्रद्धेला आडवे येणारे आपण कोण. गावकरीही जमले. बोधिसत्त्वाने पाऊस सरेपर्यंत कुत्रा आपल्या स्वाधीन करा असे मागितले. यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी गावाने अट घातली की धवलाचे काही बरेवाईट झाले, तर या सार्थवाहाचा तांडा पुन्हा या घाटात चढू द्यायचा नाही. तांड्यावर कितीतरी घरांची चूल पेटत होती. बोधिसत्त्वाच्या माणसांनी त्याला बाजूला घेऊन समजावले की परक्या गावच्या कुत्र्यापायी आपले पोट पणाला लावू नका. त्याने त्यांचे ऐकून घेतले आणि अट मान्य केली.

एकदम उपाशी ठेवल्याने एवढे जड जनावर दगावू शकते, हे तो जाणत होता. म्हणून त्याने तूप आणि गूळ बंद केले, पण पोट रिकामे ठेवले नाही. धनगर आपल्या कुत्र्यांना घालतात तशी ताकात कुस्करलेली भाकरी, थोडे शिजवलेले मांस आणि पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून उकडलेला कोहळा, असे अन्न तो सकाळ-संध्याकाळ मोजून देऊ लागला. मधल्या वेळी काही नाही. भाकरी हळूहळू कमी केली, कोहळा वाढवला.

चालवणे त्याहून कठीण होते. पहिले काही दिवस पोटाखालून कांबळे घालून चार माणसांनी त्याला नुसते उभे केले. पाय थरथरत आणि धवल विव्हळे. मग बोधिसत्त्वाला गावाबाहेरचे तळे सुचले. पाणी वजन पेलते, सांध्यांवर भार येत नाही. बैलगाडीतून तो धवलाला तळ्यावर नेई, स्वतः छातीभर थंड पाण्यात उतरे आणि त्याच्या पोटाखाली हात धरून त्याला पाय मारायला लावी. वरून पाऊस पडत असे. त्याची स्वतःची माणसे काठावर कांबळी पांघरून उभी राहत आणि आपला धनी भ्रमिष्ट झाला, असे एकमेकांत बोलत.

धवल अन्नासाठी केकाटे. तो आवाज गावभर जाई. बायका दारातून बोधिसत्त्वाला शिव्याशाप देत. घाटदेवाच्या कुत्र्याला उपाशी मारणारा पापी, असे त्याचे नाव पडले. पुसणक सर्वांसमोर उसासे टाकी आणि काही बोलत नसे. न बोलताच त्याचे काम होत होते.

महिना झाला, तरी धवल म्हणावा तसा उतरेना. एके दुपारी त्याने ओकारी केली आणि तीत तूपभात निघाला. दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व धवलापासून जवळच, गोठ्याच्या आडोशाला लपून थांबला. धर्मशाळेत स्वयंपाक करणारी भायिला पदराखाली द्रोण घेऊन आली आणि धवलाच्या तोंडाशी तिने तो धरला. भायिला वयाने वडील होती, एकटी होती, आणि धवलाला तिने पिल्लू असल्यापासून वाढवले होते.

बोधिसत्त्व संतापाने पुढे आला. भायिलेने द्रोण लपवला नाही.

"तो माझ्याकडे बघतो, श्रेष्ठी," ती म्हणाली. "तुम्ही पुरुष आहात, तुम्हाला जमतं. मला नाही बघवत."

"अक्का, तुम्ही घास दिलात की शांत कोण होतं? तो का तुम्ही?"

तिने धवलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"त्याला तर घटकाभरानं पुन्हा हवंच असतं. तुम्हाला तेवढं बरं वाटतं. त्या बरं वाटण्याचं मोल तो आपल्या श्वासानं देतोय."

भायिला द्रोण तसाच टाकून निघून गेली. चार दिवस ती तिकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी तळ्याकाठी आली, नेसते लुगडे खोचले, पाण्यात उतरली आणि धवलाचे दुसरे अंग तिने धरले. त्यानंतर ती रोज येऊ लागली.

भाद्रपद संपेपर्यंत धवल आपल्या पायांनी तळ्यावर जाऊ लागला. पाऊस उघडला तेव्हा तो कड्यापर्यंत जाऊन परत येई. पूर्वीसारखा सडपातळ तो कधीच झाला नाही, आणि मागचा एक पाय कायमचा लंगडा राहिला. पण जखमा भरल्या, श्वास मोकळा झाला. सकाळी भायिला दिसली की त्याची शेपटी अंगासकट हले.

वाट मोकळी झाली. खालून पहिला तांडा निघाल्याची वर्दी आली, तशी बोधिसत्त्वानेही आपल्या बैलांवर माल लादायला सांगितले. त्याच सकाळी पुसणकाने अंगणात पुन्हा मांडव घातला, गादी झटकली, मोठी परात मांडली आणि धवलाच्या गळ्यात माळ घालून गावाला सांगितले की घाटदेवाने आपल्या कुत्र्याला पुन्हा उभे केले. तांडा वर आला. व्यापारी गोळे घेऊन रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागे, डोक्यावर ओझी घेऊन चढण चढून आलेले भारवाहक धापा टाकत उन्हात बसले. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. वर्षानुवर्षे कोणी पाहिले नव्हते.

हे पाहून बोधिसत्त्व परातीच्या पुढे येऊन उभा राहिला. एका व्यापाऱ्याने विचारले की आमच्या दानाला आडवे येणारे तुम्ही कोण.

बोधिसत्त्व म्हणाला, "दान कसलं? ज्याला दिलं त्याचं भलं झालं तर ते दान. तुमचं पुण्य या मुक्या जनावराच्या अंगावर चढत गेलं आणि त्याखाली ते चिरडलं. त्याला उठता येईना, तेव्हा तुम्ही त्याला देव केलंत. आणि ज्यांना खरोखर भूक आहे, ते तुमचीच ओझी वाहून तुमच्या पाठीमागे बसलेत. त्यांच्याकडे मान वळवायला तुम्हाला काय झालं?"

पुसणक श्रद्धेविषयी काही सांगू लागला. तेवढ्यात भायिलेने परात उचलली. ती रांगेच्या कडेने चालत भारवाहकांपाशी गेली आणि ज्याच्या त्याच्या हातावर गोळा ठेवू लागली. ते आधी घेईनात, मालकांच्या तोंडाकडे बघू लागले. ती म्हणाली, "खा रे बाबांनो. हे तुमच्याच वाटचं आहे." मग त्यांनी खाल्ले.

काही व्यापारी रागावून निघून गेले. काहींनी आपल्या हातातले गोळे मुकाट्याने परातीत टाकले. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने आता धवलासाठी काय करू, असे विचारले. बोधिसत्त्वाने त्याला सांगितले की धवलाबरोबर कड्यापर्यंत चालून या, त्याला तेच आवडते. म्हातारा धोतर सावरून कुत्र्याबरोबर चालू लागला.

धवलाला भायिलेच्या हवाली करून बोधिसत्त्व घाट उतरला. त्यानंतर त्या घाटात भारवाहकांना खायला घालण्याची रीत पडली. पुसणक मरेपर्यंत कुरकुरत राहिला, पण भायिलेपुढे त्याचे चालले नाही. धवल आणखी काही वर्षे जगला आणि एका सकाळी फिरून आल्यावर सावलीत झोपला, तो उठला नाही.

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्याने, ही कथा सांगितली ती एका वृद्ध भिक्खूमुळे. उपासक त्याला रोज पक्वान्ने आणून भरवीत. त्याला ध्यानाला बसवेना, चार पावले चालवेना. त्याच्या सोबत्याने पक्वान्ने परत पाठवली, तेव्हा उपासकांनी त्या सोबत्यालाच निर्दय ठरवले आणि तक्रार घेऊन ते शास्त्याकडे आले. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा धवल हा आजचा वृद्ध भिक्खू. पुसणक म्हणजे तुमच्यात पुढे बसलेला हा मुख्य उपासक. भायिला ती, जी आज याच्या भिक्षापात्रात साधी पेज वाढते. आणि सार्थवाह मी होतो. शिव्या खाऊनही ज्याचे भले करायचे त्याला नाही म्हणता येणे, ही मैत्रीपारमिता मी त्या जन्मी पाळली."

उपासक खाली मान घालून बसले. भिक्खूने सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघे विहाराभोवती एक फेरी घालायला उठले.