उतारावरचा अर्धा शब्द

फार वर्षांमागची गोष्ट. एका नदीकाठच्या गावात म्हाळू नावाचा मेंढपाळ राहत होता. त्या नदीवर पूल नव्हता. जिथे पाणी गुडघाभर असे, तिथून लोक गाड्या घालून पलीकडे जात. त्या जागेला सगळे 'उतार' म्हणत. म्हाळूची मेंढरं रोज त्याच काठावर चरायची. त्यामुळे पाणी कुठे खोल आहे आणि वाळू कुठे खचते, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हाळू बोलताना अडखळायचा. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा. दोन-चार टवाळ माणसं त्याची नक्कल करत. बाकीचं गाव भलं होतं. म्हाळूचा शब्द अडला, की ते स्वतःच तो पुरा करून टाकत. "मला पा... पा..." असं तो म्हणाला, की कोणीतरी लगबगीनं पाणी आणून देई. त्याला हवा असे मेंढरांसाठी पाला. पण इतक्या मायेनं आणलेलं पाणी नाकारायचं कसं? तो मुकाट्यानं पिऊन टाकी. पुढे पुढे त्यानं माणसांशी बोलणंच कमी केलं. मेंढरांशी मात्र तो दिवसभर बोले, आणि तिथे शब्द फारसा अडत नसे.

एका वर्षी नदीला अवेळी पूर आला आणि दोन दिवसांत ओसरला. पाणी पुन्हा गुडघाभर दिसू लागलं. पण पुरानं तळाची वाळू वाहून नेली होती आणि उतारावर गाळ भरून ठेवला होता. वरून काहीच कळत नव्हतं. म्हाळूचं एक मेंढरू त्यात पोटापर्यंत रुतलं, तेव्हा त्याला ते समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बैलगाड्या उतारावर आल्या. लग्नाचं वऱ्हाड होतं. मुहूर्त दुपारचा, आणि मांडव नदीपलीकडच्या गावात. पुढची गाडी नवरदेवाचा मामा बाजीबा हाकत होता. तिच्यात चार माणसं आणि लग्नाचा शिधा होता. मागच्या गाडीत नवरदेव आणि त्याची आत्या, सगुणाबाई.

म्हाळू धावत गाडीसमोर आला. "पाहुणे, उ... उ... उ..."

"उजवीकडून जाऊ म्हणतोस?" बाजीबानं विचारलं.

म्हाळूनं जोरात नकारार्थी मान हलवली. पण तोवर बाजीबाची नजर बैलांवर गेली होती. म्हाळूनं जू धरलं. "उ... उ..."

"कळलं, गड्या, कळलं!" बाजीबा हसून म्हणाला. तो मनानं चांगला माणूस होता. "वाट दाखवायला पाण्यात कशाला येतोस? उगाच भिजशील. आम्ही जातो बरोबर." त्यानं म्हाळूचा हात हलकेच बाजूला केला आणि गाडी पाण्यात घातली.

मागच्या गाडीतला नवरदेव गाडीवानाला म्हणाला, "चल, मामांच्या मागोमाग घाल."

"थांब," सगुणाबाई म्हणाल्या. "तो माणूस अजून बोलतोय."

"आत्या, मुहूर्त टळेल. मामांना कळलं ना त्याचं म्हणणं?"

"त्यांना कळलं असेल. मला नाही कळलं."

त्या गाडीतून उतरल्या आणि म्हाळूसमोर जाऊन उभ्या राहिल्या. 'हळू बोल' म्हणाल्या नाहीत, की 'घाबरू नको' म्हणाल्या नाहीत. "सांगा, दादा," एवढंच म्हणून त्याच्याकडे पाहत राहिल्या.

म्हाळूला याची सवय नव्हती. क्षणभर तो गोंधळलाच. मग म्हणाला, "उ... उ... उतरू नका. खा... खाली गाळ आहे. काल मेंढरू रुतलं. व... वरच्या अंगाला खडक आहे, तिथून जा."

पान लावून तोंडात टाकायला लागतो, तेवढाच वेळ या बोलण्याला लागला.

तेवढ्यात नदीतून आरडाओरडा ऐकू आला. पुढच्या गाडीची चाकं गाळात गेली होती, एक बैल कोसळला होता आणि माणसं कमरेपर्यंत रुतली होती. म्हाळूनं मागच्या गाडीचे दोर सोडले, बाभळीच्या फांद्या गाळावर टाकल्या आणि नवरदेव व गाडीवानाच्या मदतीनं एकेकाला ओढून काढलं. शेवटी बैलही निघाले. कोसळलेल्याचा पाय मात्र जबर दुखावला होता. शिधा वाहून गेला, आणि गाडी तिथेच राहिली.

काठावर आल्यावर बाजीबा चिखलानं माखलेल्या तोंडानं ओरडला, "अरे, 'उतरू नका' एवढंसुद्धा तुला सांगता आलं नाही?"

म्हाळू कोसळलेल्या बैलाचा पाय चाचपू लागला.

"भाऊ, तो तेच सांगत होता," सगुणाबाई म्हणाल्या. "मधे तुम्ही बोलत होतात."

वऱ्हाड खडकावरून पलीकडे गेलं. मुहूर्त टळला, पण लग्न लागलं.

महिन्याभरानं बाजीबा एकटाच त्या वाटेनं आला. काठावर म्हाळू मेंढरं राखत होता. बाजीबाला पाहून तो जवळ आला. "तु... तुम... तुम..."

'तुमचीच चूक होती,' असंच हा म्हणणार, असं बाजीबाला वाटलं. ते शब्द त्याच्या जिभेवर आले, आणि आता बोलून टाकावेत म्हणजे सुटलो, असंही वाटलं. पण त्यानं जीभ आवरली. तो उभा राहिला आणि म्हाळूच्या तोंडाकडे पाहत राहिला. बराच वेळ गेला.

"तुम... तुमच्या बैलाचा पाय बरा झाला का?" म्हाळूनं विचारलं.

बाजीबा तिथेच गवतावर बसला. बैलाला कोणता लेप लावला, तो कधी उभा राहिला, पहिला घास कधी खाल्ला, सगळं त्यानं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "आता तू सांग, म्हाळू," आणि गप्प बसला.

या कथेचं तात्पर्य असं: अडलेला शब्द ज्याचा त्यानंच पुरा करायचा असतो. घाईनं आपण मधे घालतो तो शब्द आपला असतो, त्याचा नव्हे.