थोरलीच्या महालातलं गवत

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता, आणि त्याची थोरली राणी सशीण होती. जन्माची नव्हे, शापाची. भर दरबारात राजाने एका मांत्रिकाच्या जटांची थट्टा केली, मांत्रिकाने मूठ मारली, आणि राणी यशोगंधा मधे आली. राजावरची मूठ राणीला लागली. तिथल्या तिथे तिची पांढरी सशीण झाली. राजा घाबरून अंतःपुरात पळाला होता, म्हणून मांत्रिक जाताना काय बोलला ते त्याने ऐकलं नाही. मागाहून कुणाला विचारलंही नाही. सशिणीला तिच्याच महालात ठेवलं, गवतपाण्याला दासी नेमली, आणि राजा कामाला लागला. राजांना कामं फार असतात.

पाच पावसाळे गेले. राजाने मंजुघोषा नावाची धाकटी राणी केली. तिच्यावर त्याचा जीव जडला, आणि त्यात खोट नव्हती. आता त्या घराण्याची रीत अशी, की नव्या नवरीने माप ओलांडायचं ते थोरलीच्या महालाच्या उंबऱ्यावर. आत सशीण आहे, असं दासी चाचरत म्हणाली. राजा म्हणाला, रीत ती रीत. धाकटीने पायाने माप लवंडलं, तांदूळ आत सांडले, ती पुढे झाली. थोरलीला त्या चार भिंतींखेरीज जगात काही उरलं नव्हतं. ती धावून आली आणि धाकटीच्या पावलाला कडकडून चावली. शापित दाताचा गुण लागला. शालूच्या ढिगातून एक तपकिरी सशीण बाहेर आली.

राजाची झोप उडाली. पाच वर्षांत प्रथमच उडाली, हे सांगितलं पाहिजे. त्याने दोघींना सोन्याच्या एका पिंजऱ्यात घातलं आणि भालदाराकडून आज्ञा वाचून घेतली, की दोघींनी सुखाने नांदावं. आज्ञा संपायच्या आत केसांचे पुंजके उडाले आणि धाकटीचा कान फाटला.

तेव्हा राजा डोंगरावरच्या बोलक्या साळुंकीकडे गेला.

"थोरलीने आपल्या मर्जीने दुसऱ्या सशाचं कपाळ चाटलं, की शाप मुळासकट जाईल," साळुंकी म्हणाली. "पण मर्जी हुकमाने येत नाही. तीन कामं आहेत, आणि ती तुझ्याच हातांनी व्हायला हवीत."

राजाला त्या बोलण्यात धाकटीच तेवढी ऐकू आली.

पहिलं काम गवताचं. दोघींना शेजारी शेजारी ठेवायचं, मधे जाळी. एकीच्या अंगाखालचं गवत रोज दुसरीकडे पसरायचं, म्हणजे वैरिणीचा वास घरचा होतो. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर गवताचे काटे होत. म्हणून राजा गुडघ्यांवर आला. गवत उचलताना त्याला दिसलं, की थोरलीची नखं वाढून वाकडी झाली आहेत, आणि दाराच्या समोरची एकच फरशी झिजली आहे. तिथे बसून ती दाराकडे पाहत असे. राजाला लाज वाटली. तरी गवताची कवळ घेऊन तो घाईने वळायचा तो धाकटीच्या जाळीकडेच.

हळूहळू दोघी जाळीच्या दोन्ही अंगांना पाठ टेकून निजू लागल्या. मग दुसरं काम. जिथे थोरलीचा हक्क नाही, धाकटीचा नाही आणि राजाचाही नाही, अशा जागी दोघींना न्यायचं. राजाने राज्य पालथं घातलं. सगळं त्याचंच निघालं. अखेर सीमेवरच्या नदीत तुरळक गवत उगवलेलं एक वाळूचं बेट सापडलं. नदी म्हणाली, "मुकुट ठेव आणि जा." राजाने मुकुट पाण्यात सोडला. धाकटीसाठी काय वाटेल ते, असं तो स्वतःशी म्हणाला.

तिसरं काम गप्प बसण्याचं. हुकूम नाही, हाक नाही, मधे पडणं नाही. थोरलीने मागचे पाय आपटले. धाकटीला बेटभर पळवलं. राजाने ओठ चावले, पण तो हलला नाही. मग दोघी एकमेकींकडे पाठ करून गवत खात बसल्या. कधीतरी धाकटी जवळ सरकली आणि तिने मान जमिनीला टेकवली. थोरली खूप वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तिचं कपाळ चाटलं, आणि फाटका कानही चाटला.

वाळूवर दोन बायका बसलेल्या होत्या.

राजा रडला. धाकटीपुढे हात करून म्हणाला, "चल, मंजुघोषा. तुझ्यासाठी मी मुकुट टाकला."

यशोगंधा उठली. "कुठलाही ससा चालला असता, महाराज," ती म्हणाली. "बाजारातला चालला असता. मांत्रिकाने तेव्हाच भर दरबारात सांगितलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. आपण विचाराल, म्हणून मी दाराकडे बघत होते."



मंजुघोषाने फाटक्या कानाला हात लावला. तिचाही राजावर जीव होता. "आपल्यावरची मूठ जिने अंगावर घेतली, तिची ही गत," ती म्हणाली. "मी तर आपल्यासाठी अजून काहीच केलेलं नाही."

मग तिने थोरलीचा हात धरला, आणि दोघी पलीकडच्या तीराला उतरल्या. तिथे वीरकेतूचा हुकूम चालत नव्हता.

नदीने मुकुट परत दिला. शाप उतरला, राज्य सुरळीत झालं, माप लवंडायची रीत मोडली. लोक राजाला शहाणा म्हणू लागले. तो मात्र रोज सकाळी थोरलीच्या महालात जातो, शिळं गवत काढतो, ताजं पसरतो आणि झिजलेल्या फरशीवर दाराकडे तोंड करून बसतो. विचारायचं ते वेळेवर विचारा, ऐकणाऱ्यांनो. राजाला ते जमलं नाही, तुम्हाला जमो.