असूयेचा अर्थ

एकदा एका वृद्ध शास्त्रीबुवांनी लोकांच्या रोजच्या बोलण्यातल्या शब्दांचा कोश करायला घेतला. विश्वंभर नावाचा शिष्य दहा वर्षे त्यांच्या हाताखाली होता. अक्षर वळणदार, पाठांतर चोख. पुढे हा कोश आपल्याच हाती येणार, असे त्याने मनोमन धरले होते.

मग रायाजी आला. कोष्ट्याच्या घरातला, तिशी ओलांडलेला, माग सोडून शिकायला आलेला. संस्कृत त्याला जेमतेम येई. एके दिवशी विश्वंभराने 'उमाळा' या शब्दापुढे 'भावनेचा आवेग' असे लिहिले, तेव्हा रायाजी दबकत म्हणाला, "आमच्याकडे विहीर खणताना तळातून पाणी आपणहून वर येतं, त्याला उमाळा म्हणतात."

शास्त्रीबुवांनी क्षणभर डोळे मिटले. "हे आधी लिही," ते विश्वंभराला म्हणाले. "तुझा अर्थ त्याखाली घे."

ते 'त्याखाली' विश्वंभराच्या मनात सलत राहिले. रायाजीचे जेवणे, हसणे, सगळेच त्याला खुपू लागले. गुरुजी रायाजीला हाक मारत, तेव्हा आवाजात माया जास्त आहे का, हे तो कान देऊन ऐके.

पुढे शहरातले काही विद्वान कोश पाहायला येणार होते. आदल्या दिवशी विश्वंभराने रायाजीचे पान काढले. 'ओल' या शब्दापुढे रायाजीने लिहिले होते, 'पाऊस संपल्यावरही जमीन जे पाणी धरून ठेवते ते.' विश्वंभराने 'धरून ठेवते' खरवडले आणि तिथे 'सोडून देते' लिहिले. पाहुण्यांपुढे ते पान वाचले गेले आणि हशा पिकला. रायाजी कागदाकडे बघतच राहिला. "चुकलं असेल माझं," एवढेच तो म्हणाला.

शास्त्रीबुवा कोणावरही रागावले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी विश्वंभराला एक कोरा कागद दिला. "'असूया'. अर्थ लिहून आण."

विश्वंभराने उभ्या उभ्या लिहिले, 'दुसऱ्याचा उत्कर्ष सहन न होणे.'

"हे पाठ केलेलं आहे," म्हणून गुरुजींनी कागद परत केला. दुसऱ्या दिवशी त्याने व्युत्पत्ती आणली, तिसऱ्या दिवशी ग्रंथांतली वचने. तीही परत आली. म्हातारपणी यांना काय झाले आहे, असे त्याला वाटले. आठव्या दिवशी मात्र हाच शब्द आपल्याला का दिला, हे त्याला उमगले. वेड्यावाकड्या अक्षरांत त्याने लिहिले, 'जे आपल्याला सुचायला हवे होते ते दुसऱ्याला सुचले, की आपले काम चांगले करण्यापेक्षा त्याचे बिघडवावेसे वाटते, ते.'

शास्त्रीबुवांनी कागद दोनदा वाचला.

"त्या पानावरच्या 'सोडून'ची मात्रा मी ओळखली होती," ते म्हणाले. "ती तशी काढायला तुला मीच शिकवलं. रायाजी आपण जगलेलं सांगतो. तू मात्र दहा वर्षं दुसऱ्यांचंच सुबक लिहीत आलास. आज पहिल्यांदा स्वतःकडे बघून लिहिलंस, म्हणून हा अर्थ कोशात जाईल. पण शब्द कळला की नाही, हे कागदावरून ठरत नाही. माणूस नंतर काय करतो, त्यावरून ठरतं."

विश्वंभर तो कागद घेऊन रायाजीकडे गेला. "तुझं पान मी बिघडवलं," तो म्हणाला.

रायाजीने कागद वाचला. मग कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे बोट करून म्हणाला, "उद्या परत जाणार होतो. वाटलं, आपल्याला आपलं लिहिलेलंसुद्धा कळत नाही."

रायाजीचा एक शब्द बिघडवला, एवढेच विश्वंभराला वाटत होते. त्याचा स्वतःवरचा विश्वास आपण काढून घेतला, हे त्याला आत्ता दिसले. तिथेच बसून त्याने त्या विद्वानांना पत्र लिहिले, काय केले ते स्वतःच्या नावानिशी सांगितले आणि पत्र रायाजीच्या हाती दिले. "हे तू स्वतः पाठव," तो म्हणाला, "आणि जमलं तर थांब."

दुसऱ्याला खाली ओढताना तो किती खोल पडला हे आपल्याला दिसत नाही. त्याच्याजवळ जाऊन ते विचारावे लागते.